ठेवणीतला चाकू

चाकू दोन होते. एक रोजचा आणि एक ठेवणीतला.

रोजचा म्हणजे चाकू म्हणावा असा नव्हताच. लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं, दगडावर घासून घासून धारेला आणलेलं, आणि मुठीच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. उन्हात ती पट्टी तापून तळहाताला चिकटायची, थंडीत लाकडासारखी कडक व्हायची. त्याला सगळे नुसतं ‘पातं’ म्हणत. ठेवणीतला होता तो मात्र खरा चाकू. मिटायचा. शिंगाची मूठ, तिच्यात मधासारख्या रेघा. पितळी कड. एका टोकाला झाडाची साल उचलायला पितळेचीच चपटी जीभ. उघडताना टक् असा आवाज व्हायचा, आणि तो आवाज ऐकला की घरातलं बोलणं क्षणभर थांबायचं.

थोरलीचं आयुष्य या दोन चाकूंच्या मधे गेलं.

शहर संपतं आणि शेतं सुरू व्हायला अजून धजत नाहीत, अशा मधल्या पट्टीत एक रोपवाटिका होती. पुढं रस्ता, मागं कालवा, मधे जाळीच्या सावलीत काळ्या पिशव्यांच्या रांगा. थोरलीचे वडील तिथं मुख्य माळी. बाहेरचे त्यांना माळीबुवा म्हणत, घरात ते आप्पा. त्यांचं काम गुलाबाचे डोळे भरण्याचं. रानगुलाबाचा खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला छेद द्यायचा, साल हलकेच उचलायची. मग चांगल्या जातीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे अजून न फुटलेला कोंब, सालीच्या कपच्यासकट तासून काढायचा आणि त्या फटीत बसवायचा. वर पट्टी बांधायची आणि वाट बघायची. डोळा हिरवा राहिला तर लागला. काळा पडला तर गेला.

एका वर्षी डोळे असे लागले की रोपं ठेवायला जागा पुरेना. मालक नुकतेच दूरदेशी जाऊन आले होते. त्यांनी सगळ्या कामकऱ्यांना शेडमधे गोळा केलं आणि आप्पांच्या हातात तो चाकू दिला. “माळीबुवा, तिकडचे मोठे मोठे माळी हाच वापरतात,” मालक म्हणाले. किंमतही सांगितली. ती ऐकून पिशव्या भरणाऱ्या बायकांनी तोंडावर पदर घेतला. तेवढ्या पैशांत माणसाची एक सबंध हंगामाची मजुरी झाली असती.

आप्पांनी चाकू घरी आणला तो दोन्ही हातांत धरून, तान्हं मूल आणावं तसा. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा रिकामा केला. तेलात बुडवून पिळलेल्या फडक्यात चाकू गुंडाळला, डब्यात ठेवला आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. सुट्टीच्या दिवशी तो खाली यायचा. आप्पा फडकं उलगडायचे, बिजागरीत तेलाचा थेंब सोडायचे, टक् करून उघडायचे, उजेडात धरायचे, टक् करून मिटायचे. पाहुणा आला तर पाहुण्यालाही दाखवायचे. हातात मात्र द्यायचे नाहीत.

“आणि कापलं काय काय याच्यानं?” एकदा एका पाहुण्यानं विचारलं.

“याच्यानं?” आप्पा दुखावल्यासारखे झाले. “हा कापायला नाही.”

आतून आईचा आवाज आला, “मग काय, पाळण्यात घालायला आहे!”

आईला त्या डब्याचा राग होता. बिस्किटांचा डबा तिला डाळीला हवा होता, हे एक कारण. दुसरं असं की नवरा रोज संध्याकाळी त्या पात्यानं अंगठा सोलून घरी यायचा आणि तिला पट्टी बांधावी लागायची. “अहो, एवढा चांगला चाकू असताना हातांची चाळण करून घेता,” ती म्हणायची.

“सोन्याची सुरी म्हणून कुणी उरात मारून घेत नाही,” आप्पा म्हणायचे.

“उरात मारायला कोण सांगतंय? काडी कापा म्हणते मी!”

पण आप्पा कापत नसत. पात्याचं पोट झिजून चंद्रकोरीसारखं झालं, तरी चाकू फडक्यातच राहिला.

थोरली हे सगळं चुलीजवळच्या पाटावर बसून बघायची. मुलं दोनच, ही मोठी आणि नंतर धाकटा. धाकट्याला रोपवाटिकेत नेलं की तो कालव्यात दगड मारत बसायचा. थोरली आप्पांच्या मागं मागं हिंडायची. छाटून टाकलेल्या काड्यांवर त्यांनी तिला हात बसवायला दिला. पहिला धडा धारेचा होता. “डोळे भरायच्या चाकूला धार एकाच बाजूनं,” आप्पांनी सांगितलं. “दुसरी बाजू आरशासारखी सपाट. सपाट बाजू डोळ्याकडं. म्हणजे काप सपाट येतो, सालीला साल बसते. दोन्ही बाजूंनी घासलंस तर भाजी चिरायची सुरी झाली.” दुसरा धडा त्याहून छोटा होता. “काप एकदाच. दुसऱ्यांदा पातं लावलंस की डोळा मेला.”

तिचा हात लवकर बसला. पात्याला साल उचलायची जीभ नव्हती, म्हणून तिनं उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं. गुलाबाच्या सालीच्या रसानं ते नख काळं पडलं आणि पुढं कायमचं काळंच राहिलं. लग्नात बायकांनी ते लिंबू लावून घासून पाहिलं. नाही गेलं. लग्नही फार दिवस टिकलं नाही. परत आली तेव्हा कारण विचारणाऱ्यांना ती एवढंच सांगायची, “खुंट चांगला होता हो. साल जुळली नाही.” आणि दुसऱ्या दिवसापासून जाळीखाली, आपल्या जागेवर.

तिच्या शेजारी पिशव्या भरणारी एक बाई होती. आवाज असा की कालव्यापलीकडची गुरं वळून बघायची, म्हणून तिला सगळे भोंगा म्हणत. भोंग्याला सगळं दिसायचं आणि दिसलं की ती बोलायची.

“ए थोरले, निम्मे डोळे तू भरतेस, आणि ‘माळीबुवांचे गुलाब’ म्हणून विकले जातात ते?”

“बापाचंच नाव आहे ना, दुसऱ्याचं आहे का?”

“बाप म्हातारा होईल तेव्हा?”

“तेव्हा चाकू माझा,” थोरली हसून म्हणायची. हसून म्हणायची खरी, पण त्यात थट्टा नव्हती. तिनं मनात ठरवूनच टाकलं होतं. ज्या दिवशी आप्पा तो डबा खाली काढतील आणि चाकू तिच्या हातात देतील, त्या दिवशी तिचा हात तयार झाला. त्याआधी कुणी काही म्हणो.

एकदा तिनं तो मागितलाही. मालकांनी कुठून तरी एक गुलाब आणला होता, लाल, इतका गडद की सावलीत काळा वाटावा. वाटेतच झाडानं मान टाकली. मुळं कुजली होती आणि एकाच फांदीत जीव होता, तिच्यावर मोजके डोळे. ते लागले तर जात राहणार, नाहीतर संपली. आप्पांची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती. त्यांनी काडी तिच्याकडं दिली.

“आप्पा, आजच्या दिवस तो चाकू घेऊ का?” तिनं विचारलं. “पात्यानं सालीची कड चुरगळते. डोळे थोडे आहेत.”

“वेडी आहेस का? झिजेल.”

“चाकू झिजायलाच असतो ना?”

“माणूस झिजतो,” आप्पा म्हणाले. “चाकू जपायचा असतो.”

तिनं पातं घेतलं. सकाळभर ती कुणाशी बोलली नाही. श्वाससुद्धा काप झाल्यावर सोडायची. पट्टी सोडायची वेळ आली तेव्हा एक सोडून बाकी सगळे डोळे हिरवे निघाले. मालक धावत आले. आप्पांचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, “माळीबुवा, हात म्हणजे तुमचा हात!” थोरली शेजारीच उभी होती. आप्पा खाली मान घालून हसले. भोंग्यानं तोंड उघडलं होतं, थोरलीनं तिच्या पायावर पाय दिला.

घरी जाताना आप्पा आपणहून म्हणाले, “मालकांसमोर कशाला सांगायचं. पोरीनं भरलेत म्हटलं तर गिऱ्हाइकाला धाकधूक राहते.”

“मी कुठं काय म्हटलं?”

थोडं अंतर चालून तिनं विचारलं, “चाकू मला द्याल ना पण? पुढं कधीतरी?”

“बघू,” आप्पा म्हणाले. “हात तयार होऊ दे.”

काळा गुलाब त्यानंतर दूर दूर गेला. कुणाकुणाच्या अंगणात, कचेऱ्यांच्या दारात, दवाखान्यांच्या कुंपणावर. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी, खुंट आणि कलम जुळतात तिथं, एक गाठ असते. ती गाठ थोरलीच्या अंगठ्यानं दाबलेली. पण गाठ कोण बघतं, लोक फूल बघतात.

आई गेली. आप्पांच्या डोळ्यांतला उजेड कडेकडेनं कमी होत गेला आणि शेवटी मधला ठिपकाही विझला. तरी ते रोज रोपवाटिकेत यायचे. शेडच्या दाराशी स्टुलावर बसायचे आणि थोरलीच्या पात्याकडं कान लावायचे. चांगला काप रेशीम फाडल्यासारखा वाजतो, बिचकलेला काप कुरकुरतो. कुरकुरलं की आप्पा घसा खाकरायचे. रेशीम वाजलं की गप्प. दिवसच्या दिवस ते गप्प बसत. थोरलीनं त्या गप्प बसण्यालाच शाबासकी मानायची सवय करून घेतली होती.

धाकट्याला मोठ्या शहरात फरशांच्या दुकानात नोकरी लागली. गिऱ्हाइकाला फरशा दाखवायच्या, गोड बोलायचं. दोन्ही त्याला जमत होतं. तो जायला निघाला त्या सकाळी आप्पा भिंतीला हात लावत लावत कपाटाशी गेले आणि त्यांनी वरच्या फळीवरून डबा काढला. थोरली डबा भरत होती, प्रवासाचा. तिचे हात थांबले.

टक् झालं.

“हा तुझ्याकडं असू दे,” आप्पा धाकट्याला म्हणाले. “घराण्याची वस्तू आहे. घरात राहायला हवी.”

“आणि मी कुठं राहते आप्पा?” थोरली म्हणाली. “धर्मशाळेत?”

“तुझं काय गं, तुला पातं सवयीचं आहे.”

“मी काय करू याचं?” धाकटा म्हणाला, पण मूठ त्यानं मिटली होती. शिंगाचा स्पर्शच तसा होता, कुणीही मूठ मिटली असती. निघताना दारात त्यानं ताईकडं पाहिलं. “ताई, रागावलीस का?”

“डबा सांडू नकोस. खाली पातळ भाजी आहे,” ती म्हणाली.

पुढं एकदा ती त्याच्याकडं राहायला गेली. नवं घर, भिंतींना ओल्या रंगाचा वास. धाकटा गच्चीवर उकिडवा बसून रंगाचा डबा उघडत होता. झाकणाच्या कडेत त्यानं काहीतरी खुपसलं होतं आणि वरून तळहातानं ठोकत होता. उन्हात पितळ चमकलं तेव्हा तिला कळलं.

“अरे! आप्पांचा चाकू आहे तो!”

“मग? चाकूच आहे ना?” त्यानं आणखी एक ठोका दिला. झाकण उडालं आणि त्याबरोबर पात्याचं टोकही उडालं. “अरेच्चा. तकलादू निघाला.” मग तिचा चेहरा बघून म्हणाला, “ताई, तू पण आप्पांसारखीच. महाग म्हणून डब्यात ठेवून काय त्याला पिल्लं होणार आहेत? वस्तू वापरायला असते.”

हे तर तिचंच वाक्य होतं. जन्मभर तिनं हेच मनात घोळवलं होतं, आणि आता रंगानं बरबटलेल्या हातानं तो ते तिला ऐकवत होता. वापरणं आणि नासणं यांत काय फरक असतो ते हातात असतं, सांगता येत नाही. तिनं खाली वाकून ते तुटलेलं टोक शोधलं. सापडलं नाही. स्वयंपाकघरात त्याच चाकूनं दुधाच्या पिशव्या कापल्या जात होत्या, त्याच्याच जिभेनं फरशीतलं वाळकं सिमेंट खरवडलं जात होतं, हेही तिनं त्या मुक्कामात पाहिलं. घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, “चाकू बघितलास का? नीट ठेवलाय ना त्यानं?”

“ठेवलाय,” ती म्हणाली.

मग तो दिवस आला. धाकटा दोन दिवसांसाठी घरी आला होता. आप्पा मधल्या खोलीत खाटेवर टेकले होते. अंगणात धाकट्यानं पिशवीतून चाकू काढला आणि बहिणीच्या हातात ठेवला.

“घे ताई. तुला हवा होता ना? मी नवा घेतलाय. त्याच्यात कात्री, स्क्रूड्रायव्हर, सगळं आहे. हा तुझ्याच कामाचा. आणि हे बघ, फुकट नाही देत, धार लावून आणलाय. धारवाल्याला म्हटलं, एकाच बाजूला का रे धार, अर्धवट कुणी सोडलं? दोन्ही बाजूंनी लाव म्हटलं मस्त!”

थोरलीनं चाकू उघडला. बिजागरी खिळखिळी झाली होती, टक् झालं नाही. खळ् असा आवाज आला. टोक नव्हतं. आणि ती आरशासारखी सपाट बाजू, जिच्यासाठी तो चाकू चाकू होता, ती चाकावर घासून उतरती केलेली. आता ती परत सपाट करायची तर निम्मं पोलाद घासून टाकावं लागलं असतं.

तरीही, सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, तिला आनंद झाला. चाकू कसाही असो, तो तिच्या हातात होता. ती तशीच मधल्या खोलीत गेली. आप्पांनी एक शब्द म्हणावा, एवढंच. ‘आला का शेवटी तुझ्याकडं,’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

“आप्पा, चाकू माझ्याकडं आला.” तिनं तो त्यांच्या तळहातावर ठेवला.

आप्पांनी मूठ ओळखली. चेहरा उजळला. सवयीनं त्यांनी तो उघडला आणि खळ् ऐकून त्यांची मान वाकडी झाली. अंगठा पात्यावरून सरकत टोकाशी गेला, टोक नव्हतं तिथं घुटमळला. मग सपाट बाजूवर आला. बराच वेळ तिथंच राहिला.

“थोरले,” ते म्हणाले, “दोन्ही बाजूंनी?”

ती बोलायला गेली.

“पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला. पहिल्या दिवशी! एवढंसुद्धा राहिलं नाही डोक्यात?” त्यांचा आवाज चिरकला. “म्हणूनच देत नव्हतो. म्हणूनच जपला होता मी. हातात पडला नाही तोच वाट लावलीस.”

धाकटा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. थोरलीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मोबाइलकडं पाहिलं. मग खूप समजूतदार आवाजात म्हणाला, “जाऊ द्या ना आप्पा. चाकूच आहे. ताईला नका बोलू.”

“तू मधे पडू नकोस,” आप्पा म्हणाले. “तू भला आहेस म्हणून दिलास तिला.”

सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण वर्षानुवर्षं स्टुलावर बसून ज्या माणसानं तिचा प्रत्येक काप ऐकला, त्याला ती असं करणार नाही हे आतून कळायला हवं होतं. ते जर कळलं नसेल, तर सांगून काय कळणार होतं? तिनं त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला, मिटला, आणि भाताला आधण ठेवायला गेली.

दुसऱ्या सकाळी रोपवाटिकेत भोंगा खताच्या पोत्याची शिवण दातांनी तोडत होती. थोरलीनं चाकू काढला आणि सर्रकन शिवण कापून दिली. मग त्यानंच सुतळी कापली. कुंडीच्या तळातला घट्ट चिखल खरवडला. चपलेत रुतलेला काटा उकरला. भोंगा बघतच राहिली.

“अगं बाई, हा तो ना? एवढा महागाचा चाकू, आणि ही कामं?”

“याच कामाचा आहे तो,” थोरली म्हणाली, आणि तो पोत्यात खुपसून ठेवून दिला.

नंतर तिनं ट्यूब गुंडाळलेलं पातं घेतलं आणि खुंटांच्या ओळीशी बसली. काळ्या गुलाबाच्या काड्या ओल्या फडक्यात होत्या. आप्पा आज उशिरा आले, काठी टेकत, कालचा राग अजून गालांवर. स्टुलावर बसले. बराच वेळ जाळीतून फक्त वारा वाजत होता आणि त्याखाली तिचे काप, एकामागून एक, रेशीम फाडल्यासारखे.

“कशानं भरतेस?” आप्पांनी विचारलं.

तिनं आणखी एक काप घेतला.

“त्याच चाकूनं ना? धार परत काढलीस वाटतं, एका बाजूची.”

भोंग्यानं मातीचा हात वर केला, तोंड उघडलं. थोरलीनं तिच्याकडं नुसतं बघितलं.

“हो,” ती म्हणाली. “त्याच चाकूनं.”

“तेच म्हणतो मी.” आप्पांनी मान मागं टेकवली. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी समाधान आलं. “काय आवाज आहे! ऐक, ऐक. चाकू चांगला असला की कुणाच्याही हातून काप येतो.”

पोत्यात खुपसलेल्या शिंगाच्या मुठीवर खताची धूळ बसत होती. थोरलीनं फडक्यातून पुढची काडी घेतली, काळ्या नखानं साल उचलली आणि डोळा आत सरकवला.